पिवळं फूल उलटं करून बघा : सोनकी आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या फुलांची ओळख

भाद्रपदात घाटमाथ्यावर पोचलं की उतारच्या उतार पिवळे झालेले दिसतात आणि सोबतचं कुणीतरी म्हणतं, "सोनकी फुललीय." बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पुढे शेताच्या बांधावर तसंच पिवळं फूल दिसतं, तीही सोनकी. नोव्हेंबरात वाळक्या गवतात एकटंच उभं राहिलेलं पिवळं फूल दिसतं, तीही सोनकीच. या तिन्हींत खरी सोनकी एखादीच असते. बांधावरचं कारळं असू शकतं आणि वाळक्या गवतातली सोनकडी.

सुरुवातीची दोन वर्षं मी या फुलांचे शेकडो फोटो काढले. सगळे समोरून, फुलाचा चेहरा छान दिसेल असे. घरी येऊन वनस्पतींचं पुस्तक उघडलं की पहिलाच प्रश्न असायचा : फुलामागची हिरवी छदं किती ओळींत आहेत? माझ्या एकाही फोटोत त्याचं उत्तर नव्हतं. सूर्यफुलाच्या कुळातल्या पिवळ्या फुलांचे चेहरे सारखेच असतात, वेगळी असते ती पाठ. हे एकदा हातात आलं की बाकीचं शिकणं सोपं होतं, म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहितो आहे.

आधी घरच्या झेंडूवर हात बसवा

डोंगरावर जायच्या आधी एक झेंडू घ्या आणि उभा फाडा. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर अनेक फुलांचा गुच्छ असतो. झेंडूची एक "पाकळी" बुडापासून ओढून काढली की तिच्या टोकाला सुईसारखं काळं बी दिसतं. दसऱ्याचं तोरण वाळल्यावर तेच आपण अंगणात टाकतो आणि त्यातून रोपं येतात. पाकळीगणिक एक बी, म्हणजे प्रत्येक पाकळी हे स्वतंत्र फूल. त्याला पुष्पक म्हणतात आणि सगळ्या गुच्छाला स्तबक. या लेखात मी सवयीने "फूल" म्हणत राहीन, पण मनात गुच्छच धरा.

पुष्पकं मुख्यतः दोन प्रकारची. सूर्यफुलाच्या कडेला जिभेसारखी लांब, पिवळी असतात ती किरणपुष्पकं. मधल्या तबकडीत बारीक नळ्यांसारखी दाटीने बसलेली असतात ती बिंबपुष्पकं. नळीचं तोंड भिंगातून पाहिलं की बहुधा पाच इवले दात दिसतात.

आता झेंडू उलटा करा. मागे जो हिरवा पेला आहे तो म्हणजे छदमंडल. छदं म्हणजे गुच्छाला मागून धरून ठेवणारी बारीक हिरवी पानं. झेंडूत ती एकमेकांना चिकटून एकसंध पेला झालेली असतात. शेजारी सूर्यफूल ठेवून पाहिलंत तर तिथे सुटी, टोकदार छदं अनेक ओळींत दिसतील. रंग जवळपास एक, पण पाठी अगदी वेगळ्या.

सोबत काय घ्यायचं

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, छोटी पट्टी, वही, पेन्सिल. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि फूल भिंगाकडे आणा. नवशिके भिंग फुलावर धरून लांबून बघतात, त्यात काही दिसत नाही. पावसात पेनाची शाई पसरते, पेन्सिल टिकते.

पहिली पायरी : हे कूळ नक्की हेच ना?

घाटात पावसाळ्यात पिवळं दिसणारं सगळंच या कुळातलं नसतं. कवल्याचं फूल पिवळंधमक असतं, पण त्याचा आकार वाटाण्याच्या फुलासारखा, कारण तो शेंगांच्या कुळातला. टाकळ्याला पाच सुट्या पाकळ्या असतात आणि पुढे लांब शेंग येते. फूल हलकेच उकलून मध्ये अनेक इवली फुलं दाटलेली दिसली आणि मागे छदांचा पेला असला, तरच पुढे जा. घाईत असाल तेव्हाही ही पायरी सोडू नका.

दुसरी पायरी : कडेला जिभा, मध्ये नळ्या की दोन्ही?

इथे तीन वाटा फुटतात.

सगळ्या जिभाच असतील, मध्ये तबकडी नसेल, तर देठ किंवा पान जरासं मोडून बघा. पांढरा चीक आला की तुम्ही पाथरीच्या गटात आहात. जिभेच्या टोकाला पाच बारीक दातही दिसतील. पाथरी, शेतातला सॉन्चस आणि थंड प्रदेशात सगळीकडे उगवणारं डँडेलियन हे सगळे या वाटेवर येतात. सोनकीला असा चीक नसतो.

नुसत्या नळ्या असतील, जिभा नसतील आणि फूल पिवळ्या गोंड्यासारखं दिसत असेल, तर भामुर्डा किंवा माशीपत्रीचा विचार करा. भामुर्ड्याचं पान चोळलं की उग्र, कापरासारखा वास येतो आणि पान मऊ लवेने भरलेलं असतं. तो हिवाळ्यात, कोरड्या जागी फुलतो. माशीपत्री पाणी ओसरलेल्या भातखाचरात आणि तळ्याच्या काठी जमिनीलगत पसरते, तिचे गोंडे बटणासारखे घट्ट असतात.

जिभाही आणि नळ्याही असतील, तर सर्वांत गजबजलेली वाट हीच. सोनकी, सोनकडी, कारळं, कॉसमॉस, पिवळा माका, एकदांडी, सगळी इथेच भेटतात. या वाटेवर पुढच्या दोन पायऱ्या नीट चढाव्या लागतात.

तिसरी पायरी : पाठ

एक सोनकी दोन बोटांत धरून हळूच उलटी करा. हिरवी छदं एकाच ओळीत, सारख्या उंचीची, कडेला कड लावून उभी असतात, जशा कुंपणाच्या फळ्या. फळ्यांच्या बुडाशी, देठाला लागून, दोन-चार अगदी इवली छदं विखुरलेली दिसतात. सोनकीचं शास्त्रीय नाव सेनेसिओ बॉम्बेयेन्सिस, जुन्या पुस्तकांत ती सेनेसिओ ग्रॅहमी म्हणून सापडेल. सेनेसिओ या वंशात जगभर हजाराहून जास्त जाती आहेत आणि हे कुंपण त्या वंशाची खूण आहे.

आता सोनकडी उलटी करा. इथे कुंपण नाही, कौलं आहेत. बाहेरची छदं आखूड, आतली लांब, एकावर एक चढलेल्या अनेक ओळी, प्रत्येक छद अरुंद आणि टोकदार. समोरून पाहताना सोनकी की सोनकडी असा घोळ पाच मिनिटं चालू शकतो. उलटं केल्यावर पाच सेकंद लागतात.

कॉसमॉसच्या पाठीला दोन ओळी असतात, पण दोन्ही वेगवेगळ्या जातीच्या वाटाव्यात अशा. बाहेरची हिरवी, अरुंद, बाजूला फाकलेली. आतली रुंद, पातळ, पिवळसर. काटेरी बिया कपड्यांना चिकटवणाऱ्या बायडेन्सचीही पाठ अशीच दुहेरी असते, दोघं जवळचे नातलग आहेत.

कारळ्याच्या मागे बाहेरून साधारण पाच रुंद, पानासारखी हिरवी छदं असतात. एवढी ठसठशीत छदं सोनकीत कधी दिसणार नाहीत.

पाठ बघायला फूल तोडायची गरज नाही. फोनचा पुढचा कॅमेरा सुरू करून फोन फुलाच्या खाली आडवा धरा, पाठ पडद्यावर दिसते आणि फोटोही निघतो. कासच्या पठारावर फुलं तोडायला मनाईच आहे. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा २०१२ साली जागतिक वारसा ठरल्या त्यांत कास आहे. उकलून बघायला रस्त्याकडेची एकदांडी हवी तेवढी मिळते, चिरफाड तिच्यावर करावी.

चौथी पायरी : पानं समोरासमोर की एकाआड एक?

खोडावर पानं कुठून निघतात ते बघा. एकाच पेरावर दोन पानं समोरासमोर असतील तर झाड बहुधा सूर्यफुलाच्या जवळच्या गोतावळ्यातलं : कारळं, कॉसमॉस, बायडेन्स, पिवळा माका, एकदांडी, अक्कलकाढा. पानं एकाआड एक असतील तर सोनकी, सोनकडी, भामुर्डा.

एक सावधगिरी. खालची पानं समोरासमोर आणि शेंड्याकडची एकाआड एक असं काही झाडांत होतं, खुद्द सूर्यफुलातही होतं. म्हणून खोडाचा मधला भाग बघा, शेंड्यावरून ठरवू नका.

पानाचं बूडही बघा. सोनकडीचं पान बिनदेठाचं, लांबट, आणि बुडाशी दोन कानांनी खोडाला अर्धवट कवेत घेणारं असतं. सोनकीचं पान रुंद, करवती कडांचं. कॉसमॉसचं पान खोल चिरलेलं. वेडेलिया म्हणून बागेत लावतात त्या वेलीच्या पानाला तीन खंड असतात. तिच्या जवळच्या, ओलसर जागी वाढणाऱ्या पिवळ्या माक्याचं पान लांबट आणि अखंड. वेडेलिया हातातून निसटली की सगळी जमीन झाकून टाकते. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा १०० परक्या जीवांच्या यादीत तिचं नाव आहे. ओढ्याकाठी तिचा पिवळा गालिचा दिसला तर वहीत जागा आणि तारीख आवर्जून लिहा.

पाचवी पायरी : बी आणि म्हातारी

फूल सुकल्यावर या कुळाची खरी ओळख उघडी पडते, आणि नेमकं तेव्हाच लोक बघणं सोडतात. प्रत्येक पुष्पकाखाली एक बी दिसतं. ते खरं तर एकबीजी फळ आहे. त्याच्या डोक्यावर काय आहे ते भिंगातून बघा.

सोनकीच्या बिंबातल्या बियांवर पांढऱ्या, मऊ केसांचा झुबका असतो. वारा आला की तो उडतो आणि आपण म्हणतो "म्हातारी उडाली". सेनेसिओ हे नाव लॅटिनमधल्या सेनेक्स या शब्दावरून आलं आहे आणि त्याचा अर्थ म्हातारा. पांढऱ्या केसांचं पिकलेलं डोकं पाहून दोन्ही भाषांना एकच माणूस आठवला, याचा मला दर वेळी आनंद होतो. रुईची म्हातारी मात्र वेगळी. तिथे केस शेंगेतल्या बीजालाच फुटलेले असतात, इथे ते फुलाच्या बाह्यदलाचं बदललेलं रूप असतात.

एकदांडीचे केस भिंगाखाली पिसासारखे दिसतात, म्हणजे प्रत्येक केसाला बाजूने आणखी बारीक केस. बायडेन्सच्या बीला केस नाहीत, दोन ते पाच ताठ कुसळं असतात आणि कुसळांवर उलटे काटे. चालून आल्यावर पायजम्याला जे चिकटलेलं असतं ते काढून भिंगाखाली धरा. कॉसमॉसचं बी लांब चोचीचं. कारळ्याच्या बीवर काहीच नसतं : काळं, चकचकीत, बोडकं. ज्यांनी कारळ्याची चटणी केली आहे त्यांना ते बी दाखवायची गरज नाही.

सोनकी, सोनकडी, कारळं : हा घोळ एकदाचा सोडवू

नाशिककडच्या डोंगराळ भागात कारळं, म्हणजे खुरासणी, उतारावरच्या हलक्या जमिनीत पेरतात. शेत दिसलं तर प्रश्न नाही, ओळींवरूनच कळतं. पण शेत मोडल्यावर बांधावर आपोआप उगवलेली चार झाडं सोनकीत मिसळून उभी राहतात. तिथे लांबून कळायला एकच खूण मला उपयोगी पडली आहे : कारळ्याच्या जिभा रुंद, टोकाला खाचा असलेल्या, आणि बहुधा आठच्या आसपास. जवळ गेल्यावर पानं बघा. समोरासमोर असली तर कारळं. खात्री हवी असेल तर गळून पडलेल्या फुलाची तबकडी मधून मोडा. कारळ्यात नळ्यांच्या मध्ये मध्ये पातळ, कोंड्यासारखे पापुद्रे असतात, प्रत्येक पुष्पकाला एक. सोनकीत पापुद्रे नाहीत, नळ्या आणि केस, बस.

सोनकडीला शेताची ओढ नाही. ती टेकडीवर, वाटेच्या कडेला, झुडपांच्या आडोशाने वाढते. देठ सडपातळ, फांद्यांच्या टोकाला एकेकटी फुलं, जिभा बारीक आणि पुष्कळ. सोनकीचा भर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. पाऊस ओसरला की ती सुकू लागते. सोनकडी त्यानंतरही, थंडीत शिरेपर्यंत फुलत राहते. पण महिन्यावर विसंबून नाव देऊ नका. पाऊस लांबला की सोनकीही लांबते, आणि ऑक्टोबरात दोघी एकाच टेकडीवर असतात. महिना शंका घ्यायला वापरा, निकाल पाठीवरूनच द्या.

जिभा मोजून ओळखायचा मोह होतो, तोही आवरा. या कुळात जिभांची संख्या ५, ८, १३, २१ अशा आकड्यांभोवती फिरते हे खरं, पण एकाच झाडावर आठ आणि नऊ जिभांची फुलं शेजारी शेजारी सापडतात. उंचीचंही तसंच. खडकाळ पठारावर वीतभर असलेली सोनकी खोल मातीत गुडघ्याला लागते.

चिकाच्या वाटेवरचे दोन भाऊ

सॉन्चसच्या दोन जाती शेतात, बागेत, भिंतीच्या कडेला सर्रास भेटतात : सॉन्चस ओलेरेसिअस आणि सॉन्चस ॲस्पर. फुलं बघून त्या वेगळ्या करता येणार नाहीत, प्रयत्नही करू नका. खोडाला मिठी मारणाऱ्या पानाचे कान बघा. ओलेरेसिअसचे कान टोकदार, भाल्यासारखे. ॲस्परचे कान गोल, आत वळलेले, आणि पान हाताला काटेरी लागतं. तरी शंका राहिली तर बी भिंगाखाली धरा. ओलेरेसिअसच्या बीवर आडव्या सुरकुत्या असतात, ॲस्परचं बी शिरांच्या मध्ये गुळगुळीत.

पाथरी यांच्यापेक्षा बुटकी. पानं जमिनीलगत चक्रासारखी पसरलेली, कडेला बारीक पांढरट दातरे, आणि छदांच्या कडा पांढऱ्या पातळ. डँडेलियनमध्ये पोकळ, बिनपानाच्या दांडीवर एकच फूल असतं. दांडीला फांदी फुटलेली दिसली तर ते डँडेलियन नव्हे. या गटाची फुलं सकाळीच गाठा, दुपारी ती मिटतात.

एकदांडीच्या नावातच तिची खूण आहे : लांब दांडीवर एकटं फूल. जिभा फिक्या, जवळजवळ पांढऱ्या, टोकाला तीन दात. अक्कलकाढ्याचं बिंब शंकूसारखं वर चढतं, तेही एकदा पाहिलं की विसरत नाही. या दोघांवर जास्त वेळ घालवू नका.

खाण्याबद्दल

पाथरी रानभाजी म्हणून खातात, आणि म्हणून ही सगळी पिवळी मंडळी खाण्यातली असावीत असं काहींना वाटतं. तसं नाही. सेनेसिओ वंशात यकृताला इजा करणारी अल्कलॉइडं, म्हणजे विषारी रसायनं, असतात आणि शिजवल्याने ती निघून जात नाहीत. या लेखातल्या खुणा नाव शोधायला आहेत, भाजी खुडायला नाहीत. भाजी खुडायची असेल तर ती वर्षानुवर्षं खुडत आलेल्या माणसाबरोबर जाऊन शिका.

फोटो आणि वही

एका झाडाचे सहा फोटो काढा : समोरून, पाठीमागून, बाजूने, पानाचा सांधा, पानाची खालची बाजू, आणि आजूबाजूच्या जमिनीसकट पूर्ण झाड. एका फोटोत पट्टी किंवा बोट येऊ द्या म्हणजे आकार कळतो. फोनमधली ओळख सांगणारी ॲप्स चेहऱ्याच्या फोटोवरून सरसकट कुठलंही पिवळं नाव देतात. त्यांना पाठीचा आणि पानाचा फोटो दिला की उत्तर सुधारतं, तरी ते सूचना म्हणूनच घ्या.

वहीत नावाआधी खुणा लिहा. "जिभा आणि नळ्या. छदं एका ओळीत, बुडाशी इवली. पानं एकाआड एक, करवती. चीक नाही. उतारावर, गवतात." एवढं लिहून झालं की मग "सोनकी". खुणा लिहिलेल्या असल्या तर चुकलेलं नाव वर्षानंतरही दुरुस्त करता येतं.

पहिल्या हंगामात दहा जातींच्या मागे लागू नका. सोनकीचा एकच ताटवा निवडा. कळी असताना, पूर्ण फुललेली असताना आणि सुकल्यावर, असं तीनदा त्याच जागी जा. तिसऱ्या खेपेला पिवळं काहीच उरलेलं नसेल, छदांचं कुंपण मागे वळून पडलेलं असेल. त्यातली एक म्हातारी तळहातावर घ्या, भिंगाने बघा आणि फुंकर मारून सोडून द्या.